जुन्या लिनक्सवर नवे सॉफ्टवेअर: मूळ प्रणालीला धक्का न लावता

वरुड, पुसद, आर्वी किंवा दर्यापूरसारख्या गावातल्या डीटीपीच्या दुकानात, सेतू केंद्रात किंवा शाळेच्या संगणक खोलीत जो संगणक लिनक्सवर चालतो, तो बहुधा आठ-दहा वर्षांपूर्वीचा असतो आणि त्यावर लिनक्स मिंट २० किंवा उबुंटू २०.०४ बसवलेले असते. असा संगणक चालता आहे, प्रिंटर त्याच्याशी एकदाचा जुळला आहे आणि लग्नसराईच्या तोंडावर त्यात उलथापालथ करण्याची कोणाचीही तयारी नाही. मात्र एखादे दिवशी ग्राहक अमरावतीहून करून आणलेली चार पानांची पत्रिका पेन ड्राइव्हवर घेऊन येतो. ती फाइल इंकस्केप या चित्रे व मांडणी करण्याच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत केलेली असते आणि दुकानातले इंकस्केप असते ०.९२. एका फाइलमध्ये अनेक पाने ठेवण्याची सोय इंकस्केपमध्ये मे २०२२ च्या १.२ या आवृत्तीपासून आली, त्यामुळे जुन्या आवृत्तीला एकच पान दिसते आणि बाकीचा मजकूर पानाबाहेर रिकाम्या जागेत पसरलेला आढळतो.

अशा वेळी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम न बदलता केवळ ते एक सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीत, बाकीच्या प्रणालीपासून वेगळे ठेवून कसे चालवावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. उदाहरण इंकस्केपचे असले तरी जिंप (छायाचित्र-संपादन), क्यूजीआयएस (नकाशे), केडेनलाइव्ह (व्हिडिओ-संपादन) यांनाही हीच रीत लागू पडते. शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात शेतांचे नकाशे करण्यासाठी क्यूजीआयएस वापरणाऱ्यांना ती विशेष उपयोगी पडेल, कारण उबुंटू २०.०४ च्या स्वतःच्या भांडारात, म्हणजे सॉफ्टवेअर उतरवण्याच्या अधिकृत साठ्यात, क्यूजीआयएस ३.१० हीच आवृत्ती आहे.

लेखातील कमांड सोयीसाठी देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाकावयाच्या आहेत. लिनक्समध्ये लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मानली जातात, म्हणून शक्य तेथे अधिकृत पानावरची तयार ओळ नक्कल करून चिकटवणे अधिक सुरक्षित.

नवे सॉफ्टवेअर जुन्या प्रणालीवर का अडते

नव्या सॉफ्टवेअरची फाइल इंटरनेटवरून उतरवून चालवली, तर टर्मिनलमध्ये बहुधा ‘जीएलआयबीसी_२.३४ नॉट फाउंड’ अशा धर्तीचा संदेश येतो. ग्लिबसी (संदेशातील जीएलआयबीसी) ही सी भाषेची मूलभूत लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रामांनी सामाईक वापरायच्या तयार कोडचा संच, आहे आणि संगणकावरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा असतो. उबुंटू १८.०४ मध्ये तिची २.२७ ही आवृत्ती आहे, २०.०४ मध्ये २.३१, २२.०४ मध्ये २.३५ आणि २४.०४ मध्ये २.३९. डेबियनच्या बाबतीत दहाव्या आवृत्तीत २.२८, अकराव्यात २.३१ आणि बाराव्यात २.३६ आहे. जुन्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्या प्रणालीवर चालतो, कारण नवी ग्लिबसी जुनी वचने पाळते. नव्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम मात्र जुन्या प्रणालीवर बहुधा सुरूच होत नाही.

येथे नवखा माणूस हमखास एक उपाय शोधतो: नव्या उबुंटूचे ग्लिबसीचे पॅकेज उतरवून जुन्यावर बसवणे, किंवा नव्या आवृत्तीचे भांडार जुन्या प्रणालीच्या यादीत जोडणे. हे कदापि करू नये. पॅकेज बसवणारा डीपीकेजी, टर्मिनलचे शेल आणि लॉगिनची खिडकी हे सर्व त्याच लायब्ररीवर चालतात. ती अर्धवट बदलली गेली तर संगणक सुरू होण्याचे थांबते, आणि मग दुरुस्त करण्यासाठी लागणारी साधनेही त्याच बंद पडलेल्या संगणकात असतात.

खरा उपाय असा की, नव्या सॉफ्टवेअरला लागणाऱ्या लायब्ऱ्या त्याच्याबरोबरच आणाव्यात आणि त्या त्याच्यापुरत्याच ठेवाव्यात. पाहुण्याने स्वतःची शिदोरी घेऊन यावे आणि यजमानाच्या स्वयंपाकघरात शिरू नये, तसा हा प्रकार आहे.

परंतु ‘वेगळे ठेवणे’ या शब्दांत दोन निराळ्या गरजा मिसळल्या जातात आणि त्या आधी सोडवून घेणे आवश्यक आहे. एक गरज लायब्ऱ्यांची असते: नव्याच्या लायब्ऱ्या जुन्यात मिसळू नयेत. दुसरी गरज विश्वासाची असते: त्या सॉफ्टवेअरने आपल्या फायली, पासवर्ड आणि नेटवर्क यांना हात लावू नये. काही साधने पहिली गरज उत्तम भागवतात आणि दुसरी मुळीच भागवत नाहीत. एखादे साधन वापरले म्हणजे आपोआप सुरक्षित झालो, हा समज या विषयातील सर्वांत महागडा गैरसमज आहे, असे माझे मत आहे.

पहिली पायरी: संगणकाची पाहणी

टर्मिनल उघडून ‘युनेम -एम’ ही कमांड द्यावी. उत्तर ‘एक्स८६_६४’ असे आले तर पुढे जावे. ते ‘आय६८६’ असे आले तर प्रणाली ३२ बिटची आहे, आणि तिच्यासाठी नवे ग्राफिकल सॉफ्टवेअर आता जवळपास बांधलेच जात नाही. प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर ६४ बिटची प्रणाली नव्याने बसवणे हाच तेथे मार्ग आहे.

त्यानंतर ‘डीएफ -एच’ या कमांडने डिस्कवरील मोकळी जागा पाहावी. मूळ विभागात निदान पाच-सहा जीबी जागा मोकळी असावी. ती नसेल आणि होम विभागात असेल, तर पुढे सांगितलेली ‘--युझर’ ही पद्धत वापरावी. ‘फ्री -एच’ ने मेमरी कळते. चार जीबी रॅमवर इंकस्केप चालते, मात्र त्याच वेळी ब्राउझरमध्ये दहा पाने उघडी ठेवण्याचा आग्रह सोडावा लागेल. ग्लिबसीची आवृत्ती ‘एलडीडी --व्हर्जन’ या कमांडच्या पहिल्याच ओळीत दिसते.

पाहणी झाली की मिंटमधील टाइमशिफ्टने प्रणालीची प्रत घ्यावी. टाइमशिफ्ट मुळात प्रणालीच्या फायलींसाठी आहे, म्हणून पत्रिकांच्या आणि ग्राहकांच्या फायली वेगळ्या डिस्कवर नक्कल करून ठेवाव्यात.

दुसरी पायरी: फ्लॅटपॅक

माझा सल्ला असा की, सुरुवात नेहमी फ्लॅटपॅक या सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनापासून करावी. ते आधी एक्सडीजी-ॲप या नावाने ओळखले जात असे. २०१६ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये १.० ही आवृत्ती आली. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअर ‘रनटाइम’ नावाच्या सामाईक पायावर उभे राहते. या रनटाइममध्ये स्वतःची ग्लिबसी, स्वतःच्या चित्र-लायब्ऱ्या आणि स्वतःचा मेसा हा ग्राफिक्सचा ड्रायव्हर असतो. बबलरॅप नावाचा छोटा प्रोग्राम लिनक्स कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) नेमस्पेस या विलगीकरणाच्या सोयीचा उपयोग करून सॉफ्टवेअरला त्या रनटाइमचेच जग दाखवतो, त्यामुळे खालची प्रणाली २०२० ची आहे याचा त्याला पत्ताही लागत नाही. कर्नल मात्र जुनाच राहतो, कारण तो सर्वांना सामाईक असतो. ही मर्यादा लक्षात ठेवावी.

लिनक्स मिंटमध्ये १८.३ या आवृत्तीपासून फ्लॅटपॅक आधीच बसवलेले असते आणि फ्लॅटहब हे भांडारही जोडलेले असते. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून इंकस्केप शोधले की मिंटची जुनी आवृत्ती आणि फ्लॅटहबची नवी आवृत्ती अशा दोन्ही मिळतात. बसवण्यापूर्वी तपशिलात आवृत्तीचा क्रमांक आणि फ्लॅटहबचा उल्लेख पाहून खात्री करावी. उबुंटू २०.०४ वर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल फ्लॅटपॅक’ ही कमांड द्यावी लागते. त्यानंतर फ्लॅटहबच्या संकेतस्थळावरील उबुंटूसाठीच्या पानावरून भांडार जोडण्याची ओळ चिकटवावी आणि संगणक एकदा बंद करून सुरू करावा, म्हणजे नव्या सॉफ्टवेअरची चिन्हे मेनूत दिसू लागतात. तेथील सॉफ्टवेअर दुकान स्नॅप या फ्लॅटपॅकसारख्याच दुसऱ्या पद्धतीवर बेतलेले असल्यामुळे फ्लॅटपॅकचे काम टर्मिनलमधूनच करावे लागते, याचा बाऊ करू नये.

उबुंटू २०.०४ च्या भांडारातील फ्लॅटपॅक १.६ मालिकेतले आहे. एखादे सॉफ्टवेअर ‘याहून नवे फ्लॅटपॅक हवे’ म्हणून अडून बसले, तर फ्लॅटपॅकच्या विकासकांनीच उबुंटूसाठी चालवलेले पीपीए (उबुंटूच्या मुख्य साठ्याबाहेरचे) भांडार जोडता येते. वर परके भांडार जोडू नका असे सांगितले आणि येथे जोडा म्हणतो, ही विसंगती वाटेल. फरक असा की, हे भांडार त्या-त्या उबुंटूसाठी, तिच्याच ग्लिबसीवर बांधलेले असते आणि ते फक्त फ्लॅटपॅक व त्याचे सोबती बदलते. तरीही गरज पडल्याशिवाय ते जोडू नये.

बसवण्याची कमांड साधी आहे: ‘फ्लॅटपॅक इन्स्टॉल फ्लॅटहब’ आणि पुढे सॉफ्टवेअरची पूर्ण ओळख, जी इंकस्केपच्या बाबतीत ‘ओआरजी.इंकस्केप.इंकस्केप’ अशी असून शेवटच्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे आहे. ‘इन्स्टॉल’ या शब्दापुढे ‘--युझर’ जोडले तर सर्व काही आपल्या होम फोल्डरमध्ये बसते आणि प्रशासकाचा पासवर्डही लागत नाही. मात्र त्यासाठी फ्लॅटहबचे भांडारसुद्धा आधी ‘--युझर’ लावूनच जोडलेले असावे लागते.

जुने इंकस्केप काढून टाकण्याची गरज नाही. फ्लॅटपॅकमधील सॉफ्टवेअर आपली सेटिंग होम फोल्डरमधील ‘.व्हार’ या लपलेल्या फोल्डरच्या ‘ॲप’ या उपफोल्डरमध्ये स्वतंत्र ठेवते, त्यामुळे दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदतात. जुन्या प्रिंटरसाठी बसवलेली एखादी खास मांडणी जुन्या आवृत्तीत तशीच राहते. फक्त नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल पुन्हा जुनीत उघडून जतन करू नये, त्यासाठी नाव बदलून प्रत ठेवावी.

डेटा आणि वीज

पहिल्या सॉफ्टवेअरच्या वेळी रनटाइमही उतरवावा लागतो, आणि हे सर्व मिळून पाचशे-सातशे एमबी, कधी एक जीबीच्याही पुढे जाते. ज्यांचे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आणि रोजच्या दीड जीबीवर चालते, त्यांनी हे काम दिवसाचा कोटा शाबूत असताना हाती घ्यावे. त्याच रनटाइमवर चालणारे दुसरे सॉफ्टवेअर घेतले तर पुन्हा तो बोजा पडत नाही, म्हणून पर्याय असेल तेथे एकाच घराण्यातली सॉफ्टवेअर निवडणे शहाणपणाचे ठरते. मध्येच वीज गेली तर घाबरू नये. तीच कमांड पुन्हा द्यावी, बहुतेक वेळा आधी उतरलेले तुकडे पुन्हा उतरवावे लागत नाहीत आणि अर्धवट उतरलेले सॉफ्टवेअर मूळ प्रणालीत कोठेही मिसळलेले नसते.

मेळघाटातल्या एखाद्या गावी, जेथे नेटवर्कसाठी टेकडीवर जावे लागते, तेथे हे मुळीच जमणार नाही. अशा ठिकाणी फ्लॅटपॅकची ‘क्रिएट-यूएसबी’ ही कमांड उपयोगी पडते. परतवाडा किंवा अमरावती येथे चांगले इंटरनेट असलेल्या ६४ बिट लिनक्स संगणकावर सॉफ्टवेअर आधी बसवावे. तेथे ‘रिमोट-मॉडिफाय’ कमांडने फ्लॅटहबला ‘--कलेक्शन-आयडी’ म्हणून ‘ओआरजी.फ्लॅटहब.स्टेबल’ हे नाव द्यावे, एकदा अपडेट करावे आणि मग ‘क्रिएट-यूएसबी’ला पेन ड्राइव्हचा पत्ता आणि सॉफ्टवेअरची ओळख द्यावी. रनटाइमसुद्धा आपोआप सोबत येतो. गावातल्या संगणकावरही फ्लॅटहब जोडलेले असावे आणि त्याला तीच कलेक्शन-आयडी दिलेली असावी. तेथे १.८ किंवा त्याहून नवे फ्लॅटपॅक असेल तर ‘--साइडलोड-रेपो’ या पर्यायाने पेन ड्राइव्हवरून बसवता येते. शाळेच्या खोलीत दहा संगणक असतील तर ही एकच वारी सगळ्यांना पुरते.

मराठी अक्षरे, कळफलक आणि छपाई

इंग्रजीतील मार्गदर्शक लेख हा भाग सहसा वगळतात आणि आपल्याकडे काम नेमके येथेच अडते.

फाँटची चिंता नसावी. प्रणालीत बसवलेले आणि होम फोल्डरमधील फाँट फ्लॅटपॅक सॉफ्टवेअरला केवळ वाचण्यापुरते दिसतात. नवा देवनागरी फाँट टाकल्यावर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावे. मात्र ज्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करण्याची दुकानांची सवय आहे, त्यांतला मजकूर त्या फाँटशिवाय वाचताच येत नाही, ही अडचण नव्या आवृत्तीतही तशीच राहते.

कळफलकाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. आयबस या टाइपिंगसाठीच्या सहायक प्रोग्राममार्फत मराठी टाइप करणाऱ्यांना असा अनुभव येऊ शकतो की, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी उमटते आणि फ्लॅटपॅकमधल्या नव्यात इंग्रजीच उमटते, कारण सँडबॉक्सच्या (सॉफ्टवेअरला वेगळे ठेवणाऱ्या कुंपणाच्या) भिंतीतून आयबसशी बोलण्यासाठी दोन्ही बाजूंची आवृत्ती जुळावी लागते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आयबस बाजूला ठेवून प्रणालीच्या कळफलक सेटिंगमधून इन्स्क्रिप्ट पद्धतीचा देवनागरी लेआउट जोडणे. हा लेआउट एक्स सर्व्हरच्या (पडदा आणि कळफलक सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) पातळीवर काम करतो, त्यामुळे कोणत्याही खिडकीत, सँडबॉक्सच्या आत काय किंवा बाहेर काय, कळ दाबली की मराठी अक्षरच पोहोचते. ज्यांना उच्चारानुसारी टाइपिंगची सवय आहे त्यांच्यासाठी ‘मराठी कागपा’ हा लेआउट त्याच यादीत सापडतो.

छपाई बहुधा आपोआप जुळते, कारण प्रिंटरचा ड्रायव्हर मूळ प्रणालीतच राहतो आणि सॉफ्टवेअर केवळ काम पाठवते. जुळली नाही तर पीडीएफ करून ती मूळ प्रणालीच्या पीडीएफ वाचकातून छापावी. पत्रिका आणि फ्लेक्सच्या कामात मी तर हीच पद्धत कायमची ठेवण्याचा सल्ला देईन, कारण छापण्यापूर्वी जोडाक्षरे आणि पानाचा आकार पाहण्याची एक संधी त्यातून मिळते.

तिसरी पायरी: परवानग्या आवळणे

फ्लॅटपॅक बसवले म्हणजे सॉफ्टवेअर पिंजऱ्यात गेले, असे समजू नये. चित्र-संपादन आणि नकाशांच्या मोठ्या सॉफ्टवेअरना संगणकावरील सर्व फायली वाचण्या-लिहिण्याची परवानगी अनेकदा मुळातच दिलेली असते, कारण त्यांना कोठूनही फाइल उघडावी लागते. ‘फ्लॅटपॅक इन्फो --शो-परमिशन्स’ आणि पुढे सॉफ्टवेअरची ओळख अशी कमांड दिली की ही यादी दिसते. ‘फाइलसिस्टिम्स’ या ओळीत ‘होस्ट’ असे लिहिले असेल तर लायब्ऱ्यांचे विलगीकरण झाले आहे, फायलींचे झालेले नाही.

विश्वासू भांडारातून घेतलेल्या इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरसाठी हे चालण्यासारखे आहे. पण ज्या संगणकावर ग्राहकांच्या आधारकार्डांच्या आणि सातबाराच्या प्रती साठलेल्या असतात, तेथे परवानगी आवळणे उचित. ‘फ्लॅटपॅक ओव्हरराइड --युझर’ या कमांडला ‘--नोफाइलसिस्टिम=होस्ट’ आणि ‘--फाइलसिस्टिम=’ पुढे पत्रिकांच्या फोल्डरचा पत्ता देऊन, शेवटी सॉफ्टवेअरची ओळख लिहिली की त्याला तेवढा एकच फोल्डर दिसतो. फोल्डरचे नाव रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवावे, म्हणजे कमांड लिहिताना घोळ होत नाही. खिडकीतून हेच काम करून देणारे फ्लॅटसील नावाचे सॉफ्टवेअर आहे, मात्र तेही स्वतःचा रनटाइम मागते, म्हणून डेटा मोजून वापरणाऱ्यांना कमांडच परवडते.

नेटवर्कची परवानगीही अशीच ‘--अनशेअर=नेटवर्क’ ने काढता येते. पत्रिका करण्यासाठी इंटरनेट लागत नाही.

चित्र दिसत नसेल तर

सॉफ्टवेअर सुरू होते पण खिडकी काळी राहते, थरथरते किंवा उघडताच मिटते, हा जुन्या ग्राफिक्सच्या संगणकावरचा नेहमीचा आजार आहे. प्रथम मेनूऐवजी टर्मिनलमधून ‘फ्लॅटपॅक रन’ आणि ओळख देऊन सॉफ्टवेअर सुरू करावे, म्हणजे काय चुकले ते सांगणारा संदेश वाचता येतो. त्यानंतर ‘रन’ या शब्दापुढे ‘--एन्व्ह=’ लिहून ‘लिबजीएल_ऑलवेज_सॉफ्टवेअर=१’ हे चल (प्रोग्रामला बाहेरून दिलेले सेटिंग) द्यावे. हे चल मोठ्या रोमन अक्षरांत लिहितात. त्यामुळे चित्र काढण्याचे काम ग्राफिक्स चिपऐवजी प्रोसेसर करतो. वेग कमी होतो, पण दोष ड्रायव्हरचा आहे की सॉफ्टवेअरचा हे नक्की कळते. जीटीके ४ या खिडक्या-बटणे दाखवणाऱ्या लायब्ररीवर बांधलेल्या सॉफ्टवेअरसाठी ‘जीएसके_रेंडरर=कैरो’ हे चल अनेकदा पुरते. ही चले ‘ओव्हरराइड’ कमांडने कायमची बसवता येतात.

एनव्हिडियाचे कार्ड आणि त्याच कंपनीचा ड्रायव्हर असेल तर आणखी एक नियम पाळावा लागतो: मूळ प्रणालीतील ड्रायव्हरचा आणि फ्लॅटपॅकच्या आतील ड्रायव्हरचा क्रमांक तंतोतंत एक असावा लागतो. मूळ प्रणालीत ड्रायव्हर बदलला की ‘फ्लॅटपॅक अपडेट’ द्यावे, म्हणजे जुळणारा तुकडा उतरतो.

ॲपइमेज आणि स्नॅप

ॲपइमेज ही एकच फाइल असते. ती उतरवावी, गुणधर्मांत जाऊन ‘प्रोग्राम म्हणून चालवू द्यावे’ यावर खूण करावी आणि दोनदा क्लिक करावे. तिला बहुधा एफयूएसई २ ही लायब्ररी लागते. गंमत अशी की, उबुंटू २२.०४ पासून ती आधीच बसवलेली मिळत नाही आणि २०.०४ वर ती बहुधा असते, म्हणजे येथे जुनी प्रणालीच सरस ठरते. परंतु ॲपइमेज मूळ प्रणालीची ग्लिबसीच वापरते, म्हणून ती नव्या प्रणालीवर बांधलेली असेल तर सुरुवातीचाच संदेश पुन्हा दिसेल. शिवाय ती कोणतीही भिंत उभी करत नाही, तुम्ही जे वाचू शकता ते सर्व तीही वाचू शकते. क्रीटासारखी सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरून या रूपात मिळतात आणि एखाद्या दिवसाच्या कामाला ती उत्तम आहेत.

स्नॅप उबुंटूवर आयतेच असते आणि तेही स्वतःचा पाया सोबत आणते. मिंटने २० व्या आवृत्तीपासून ते मुद्दाम बंद ठेवले आहे, त्यामुळे मिंट वापरणाऱ्यांनी त्याच्या नादी लागण्याचे कारण नाही.

फ्लॅटहबवर नसलेले सॉफ्टवेअर: डिस्ट्रोबॉक्स

काही सॉफ्टवेअर केवळ नव्या उबुंटूच्या किंवा डेबियनच्या पॅकेजच्या रूपात मिळते. तेथे डिस्ट्रोबॉक्स कामाला येते. ते डॉकर किंवा पॉडमॅन या कंटेनर चालवणाऱ्या साधनांच्या साहाय्याने जुन्या प्रणालीच्या आत नव्या वितरणाचा कंटेनर, म्हणजे त्याच कर्नलवर चालणारी वेगळी प्रणाली, उभा करते आणि त्यातील खिडक्या आपल्या पडद्यावर दाखवते. उबुंटू २०.०४ च्या भांडारात पॉडमॅन नाही, म्हणून ‘डॉकर.आयओ’ हे पॅकेज बसवावे. मग ‘डिस्ट्रोबॉक्स-क्रिएट’ने उबुंटू २४.०४ चा कंटेनर तयार करावा, ‘डिस्ट्रोबॉक्स-एंटर’ने आत जावे, तेथे नेहमीप्रमाणे ॲप्टने सॉफ्टवेअर बसवावे आणि ‘डिस्ट्रोबॉक्स-एक्स्पोर्ट --ॲप’ने त्याचे चिन्ह बाहेरच्या मेनूत आणावे.

डिस्ट्रोबॉक्स आपला होम फोल्डर कंटेनरला पूर्णपणे मोकळा करून देते. ‘--होम’ हा पर्याय देऊन वेगळा फोल्डर नेमला तर सेटिंगची सरमिसळ टळते, पण म्हणून ते सुरक्षिततेचे साधन होत नाही. त्यात डॉकरच्या गटात एखाद्या खात्याला घातले की त्या खात्याला व्यवहारतः प्रशासकाचेच अधिकार मिळतात. दुकानात कामाला येणाऱ्या मुलांच्या खात्याला हा गट देऊ नये.

उबुंटू १८.०४ सारख्या प्रणालीवर जुने डॉकर असेल आणि आत उबुंटू २२.०४ किंवा त्यापुढचे असेल, तर ‘ॲप्ट अपडेट’सारखी साधी कमांडही वरवर काही कारण नसताना अपयशी ठरते. ग्लिबसी २.३४ पासून नवा थ्रेड (प्रोग्राममधील समांतर काम) सुरू करण्यासाठी क्लोन३ ही कर्नलची हाक वापरली जाते. जुने डॉकर ती न ओळखल्यामुळे ‘अशी हाकच नाही’ असे सांगण्याऐवजी ‘परवानगी नाही’ असे उत्तर देते, आणि मग ग्लिबसी जुन्या मार्गाकडे वळतच नाही. डॉकर २०.१०.१० मध्ये हे दुरुस्त झाले, तेव्हा प्रथम डॉकर अद्ययावत करावे.

विश्वास नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी

मिंट आणि जुने उबुंटू सर्वसाधारणपणे एक्स११ या पद्धतीने पडदा चालवतात. तिच्यात एका पडद्यावरील कोणताही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचू शकतो आणि पडद्याचे चित्र घेऊ शकतो. फ्लॅटपॅकमधील सॉफ्टवेअरही एक्स११ शी जोडलेले असेल तर याला अपवाद नाही. म्हणून अनोळखी सॉफ्टवेअर उघडे असताना त्याच पडद्यावर बँकेचा किंवा शासकीय पोर्टलचा पासवर्ड टाकू नये.

ज्यांना अशी चाचणी करावीच लागते त्यांनी फायरजेल (प्रोग्रामला कुंपणात चालवणारे साधन) आणि झेफिर बसवावे. झेफिर एका खिडकीत दुसरा एक्स सर्व्हर चालवतो, आणि ‘फायरजेल --एक्स११=झेफिर --नेट=नन --प्रायव्हेट’ अशी कमांड दिली की सॉफ्टवेअरला तो वेगळा पडदा, रिकामा होम फोल्डर आणि बंद नेटवर्क एवढेच मिळते. ‘--ॲपइमेज’ हा पर्याय जोडला तर ॲपइमेजही अशीच चालवता येते. आठ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये संपूर्ण वेगळी प्रणाली चालवणे याहून भक्कम आहे. चार जीबीवर तो प्रयत्न करू नये.

हे सर्व करूनही मूळ प्रणालीचे वय कमी होत नाही. लिनक्स मिंट २० चा आधार एप्रिल २०२५ मध्ये आणि उबुंटू २०.०४ चा नेहमीचा आधार मे २०२५ मध्ये संपला. उबुंटू वापरणाऱ्यांना व्यक्तिगत उपयोगासाठी पाच संगणकांपर्यंत उबुंटू प्रो विनामूल्य मिळते आणि त्यातून सुरक्षा सुधारणा पुढेही येत राहतात, ते नक्की घ्यावे. मिंटवर ही सोय नाही, म्हणून तेथे निदान ब्राउझर तरी फ्लॅटपॅकमधून अद्ययावत ठेवावा आणि लग्नसराई संपली की नव्या मिंटचा विचार करावा.

देखभाल

‘फ्लॅटपॅक अपडेट’ महिन्यातून एकदा द्यावे, मात्र हातातले मोठे काम छापून झाल्यावर. एखादे सॉफ्टवेअर काही काळ आहे त्याच आवृत्तीवर थांबवायचे असेल तर ‘फ्लॅटपॅक मास्क’ आणि त्याची ओळख द्यावी. फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाचे रनटाइम दर ऑगस्टमध्ये नवे निघतात आणि साधारण दोन वर्षे सांभाळले जातात, त्यामुळे ‘रनटाइमचा आधार संपला’ असा संदेश कधीतरी दिसेलच. तो दिसला तर सॉफ्टवेअर अपडेट करावे. त्यानंतरही जुने रनटाइम डिस्कवर पडून राहतात, ते ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड’ ने काढावेत.

सॉफ्टवेअर नकोसे झाले तर ‘अनइन्स्टॉल’ बरोबर ‘--डिलीट-डेटा’ द्यावे, नाहीतर ‘.व्हार’ फोल्डरमधील त्याची सेटिंग तशीच मागे राहते. पत्रिकांच्या फोल्डरमधील फायलींना या कमांडने काहीही होत नाही.